पहिलवान गेला, नाकतोडा आला

काच वाचली. हे आधी सांगतो, कारण त्या दिवशी रस्त्यावर जमलेल्या प्रत्येकानं हेच आधी सांगितलं. फोटो स्टुडिओच्या दारात मी उभा, कुशीत माझ्या खांद्याला लागेल एवढी काच, जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली, कुठे ओरखडा नाही. आणि माझ्या पाठीमागे मोटरसायकल आडवी, तिच्याखाली माझा मामा.

"शाबास," स्टुडिओवाला मला म्हणाला. "काच सोडली नाहीस."

खिडक्यांच्या काचा कापून, घरोघर नेऊन बसवणं हा मामाचा धंदा. मोठी काच मोटरसायकलवरून न्यायची त्याची एक ठरलेली पद्धत होती. गाडीच्या डाव्या अंगाला पायाशी एक लाकडी फळी, तिच्यावर काच उभी, आणि मागे बसणाऱ्यानं ती डाव्या हातानं कवटाळून धरायची. मागे बसणारा म्हणजे मी. पदवी घेऊन नोकरीचे अर्ज करत बसलेल्या भाच्याला याहून मोठी जबाबदारी आमच्या घरात कुणी देत नव्हतं. काचेचं वजन डावीकडे, म्हणून मामा चालवताना अंग थोडं उजवीकडे टाकून बसायचा. बघणाऱ्याला वाटे, काय ऐट आहे. ती ऐट नव्हती, तो तराजू होता.

या कामात नियम दोनच. थांबल्यावर मामा दोन्ही पाय रोवणार, गाडी सरळ करणार आणि म्हणणार, "उतर." तो शब्द येईपर्यंत मागच्यानं शिंकायचंसुद्धा नाही. आणि दुसरा, काही झालं तरी काच सोडायची नाही.

पहिला नियम मी मोडला, दुसरा तंतोतंत पाळला. स्टुडिओवाला दोन गिऱ्हाइकांसोबत दारातच उभा होता. मला वाटलं, आपण जरा सराईत दिसावं. गाडी पुरती थांबायच्या आत, शब्दाची वाट न बघता, मी काचेसकट डावीकडे उतरलो. माझं वजन गेलं, काचेचं गेलं, आणि मामा अजून उजवीकडे अंग टाकून बसलेला. रस्त्याचा उतारही त्याच बाजूला. तराजूचं एक पारडं कुणी उचलून नेलं तर दुसऱ्यानं काय करायचं? गाडी सगळ्या वजनानिशी त्याच्या उजव्या गुडघ्यावर बसली.

आवाज मला ऐकू आला. मी वळलो. पण धावलो नाही. आधी काच भिंतीला नीट टेकवली, खालचा कोपरा दगडावर तर नाही ना ते वाकून पाहिलं, आणि मग मामाकडे गेलो. एवढ्या वेळात माणूस काय काय करू शकला असता, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे.

गाडीखालून मामानं विचारलं, "काच?"

"आहे."

"मग आता गाडी उचल. का तीही स्टुडिओवाल्यानं उचलायची?"

मला एकट्याला ती हलली नाही. शेजारचे दोघे आले तेव्हा उचलली. त्या गाडीला आमच्या गल्लीत पहिलवान म्हणत. मामानं धंदा सुरू केला तेव्हा ती जुनीच घेतलेली, लोखंडाची, बुटकी मान आणि रुंद छाती असलेली. उभी राहिली की डुलत डुलत गुरगुरायची. मामा स्वतः अंगानं काडी. लग्नात मामीच्या माहेरच्यांनी म्हणे विचारलं होतं, हा हिला चालवतो की ही याला. पण काच मागे असली की पहिलवानासारखी गाडी नाही. बाजूनं वारा आला तरी ती हलत नसे, खड्ड्यातून जाताना काचेला खबर लागत नसे. आणि तिचा आवाज हीच मामाची जाहिरात. तो आवाज गल्लीत शिरला की बायकांना फुटलेल्या खिडकीची आठवण व्हायची. कुणीतरी वरच्या मजल्यावरून सुतळीला गाठी मारून घेतलेलं माप खाली टाकायचं, मामा ते शर्टाच्या खिशात घालायचा आणि म्हणायचा, "गाठीला फुगवटा असतो काकू, काच एक बोट कमी कापतो." त्याची दाढी, त्याचं नाव, काही कुणाला आठवलं नसतं. काचमामा म्हटलं की पहिलवानाचा आवाज आठवायचा.

दवाखान्यात मामानं सगळ्यांना एकच सांगितलं: रस्त्यावर तेल सांडलं होतं, पाय घसरला. रस्ता खडखडीत कोरडा होता. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून मान हलवत होतो, आणि भेटायला येणारे मला काचेबद्दल शाबासकी देत होते. नातेवाइकांत ती गोष्ट अशी फिरली की संकटातही पोरानं मालाला धक्का लागू दिला नाही. माझ्या आईनं तर शेजारणीला ती दोनदा ऐकवली. तिच्याच भावाचा पाय मोडलाय, हे तिसऱ्यांदा सांगताना तिच्या लक्षात आलं असावं, कारण मग ती थांबली.

शेवटी मला राहवलं नाही. मामी बाहेर बाकावर बसली होती, तिला जाऊन म्हटलं की तेलबिल काही नव्हतं, मी आधी उतरलो. मामीनं पिशवीतून रिकामी बाटली काढून माझ्या हातात दिली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तेलावर घसरलेल्या माणसाची चप्पल तेलकट असते. जा, पाणी भरून आण."

म्हणजे ओझं उतरवायला गेलो ते तसंच परत घेऊन आलो, वर पाण्याची बाटली.

डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितलं की गुडघ्याच्या वाटीला तडा गेला आहे, सांधेल, पण तो पाय पुन्हा कधी त्या गाडीएवढं वजन तोलणार नाही. मामा म्हणाला, आमच्या धंद्यात तडा गेलेला माल आम्ही फेकतो, तुम्ही निदान सांधता. डॉक्टर हसले. मामी हसली नाही. तिनं विचारलं, "गाडीचं काय?"

पहिलवान विकत घ्यायला व्यायामशाळेचा मालक आला. त्याच्या दंडाकडे बघून मामाचं निम्मं समाधान झालं. त्यानं कुबडीवर उभं राहून त्याला सगळं समजावलं: थंडीत दोनदा किक नुसती मारायची, तिसऱ्यांदा मनापासून, उतारावर हिच्यावर विश्वास ठेवायचा, चढावर ठेवायचा नाही. मालकानं तिसरी किक मनापासून मारली. गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळली, आणि समोरच्या घरातून एका बाईनं खिडकीत येऊन हाक मारली, काचमामा, थांबा, माप देते. मामा तिच्या खिडकीखालीच उभा होता. तो म्हणाला, "द्या." मी कुठे बघावं मला कळेना.

नवी गाडी एका शिक्षकाची. शाळा ते घर एवढाच प्रवास केलेली, अंगानं बारीक, हिरवट, पाय लांब. गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव नाकतोडा ठेवलं. मामाच्या हाताला पहिलवानाची सवय. नाकतोडा स्टँडवरून काढताना त्यानं इतका जोर लावला की गाडी पलीकडे आडवी झाली आणि मामी दारातून म्हणाली, मारामारी करायची असेल तर बाहेर करा. पहिलवानाचा ब्रेक डाव्या पायाला होता, याचा उजव्या. थांबायचं म्हणून मामा डावा पाय दाबायचा आणि गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलायची. दूधवाला दोनदा वाचला. तिसऱ्या दिवसापासून तो मामाला लांबूनच हात करू लागला.

हे सगळं मामा हसण्यावारी नेत होता, पण एक गोष्ट तो करत नव्हता. काच घेऊन तो मला मागे बसवत नव्हता.

छोट्या काचा, फोटोच्या चौकटी, आरसे, असलं काही तो स्वतःच पिशवीत घालून न्यायचा. मोठ्या काचा टेम्पोनं पाठवायचा. टेम्पोवाला त्या आडव्या टाकायचा. आडवी काच आणि खड्डा यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. मग मामा मोठी कामं घेईनासाच झाला. विचारलं की म्हणे, हल्ली मोठ्या खिडक्या कोण बसवतो. त्याच्या दुकानासमोरच तीन मजली इमारत उभी राहत होती, नुसत्या खिडक्याच खिडक्या. त्यांना दुसऱ्याच कुणीतरी काचा बसवल्या. मामा कापायच्या टेबलाशी उभा राहून ते बघायचा, आणि मी आत बसून, आधीच पुसलेल्या काचा पुन्हा पुसायचो. तो मला कधी एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या, कानाखाली मारली असती तर मी जेवून झोपलो असतो. तो मात्र विचारायचा, अर्जाचं काय झालं रे? असा विचारायचा जसा दुकानात माझ्यासाठी आता काही उरलंच नाही.

मग एका दुपारी बेकरीवाला धापा टाकत आला. त्याच्या काउंटरची पुढची मोठी काच फुटली होती, आत केक उघडे पडले होते आणि माशांना पत्ता लागला होता. टेम्पो गावात नव्हता. बेकरीवाला म्हणाला, काही करा, संध्याकाळचं गिऱ्हाईक येईल. मामानं काच कापली. कापायचा हिरा काचेवरून फिरला, टकटक करून त्यानं ती रेघेवर मोडली, कडा घासल्या, ब्लँकेटात गुंडाळली. मग तो नाकतोड्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बेकरीवाल्यालाच मागे बसवतो.

"चल," तो म्हणाला. "नवी पद्धत. माझा उजवा पाय आता बिनपगारी रजेवर आहे. थांबल्यावर आधी तू पाय टेकव. दोन्ही. रोवलेस की 'हं' म्हण. मग मी स्टँड लावतो. मग सांगतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिलवानावर मागे बसून माझे पाय जमिनीला कधी पोचलेच नव्हते. तिथे मी फक्त काच धरणारा होतो. नाकतोडा दिसायला लांब पायांचा, पण त्याची सीट अरुंद आणि खाली, आणि माझे पाय लांब. आता गाडी, मामा आणि काच तिन्ही थांबल्यावर माझ्या पायांवर. गेल्या वेळेला माझ्यावर फक्त एक काच सोपवली होती तेव्हा काय झालं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी बसलो.

गल्लीतून नीट गेलो. पण मैदानाच्या कडेला वारा आडवा लागला आणि काचेचं शीड झालं. नाकतोडा थरथरायला लागला, मामाची पाठ ताठ झाली. काच माझ्या हातातून नव्हे, माझ्यासकट निघायला बघत होती. मामानं पंक्चरवाल्याच्या टपरीशी गाडी हळू केली. मी दोन्ही पाय रोवले. टाचा खडीत सरकल्या, थांबल्या. उजवीकडे गाडी कलते आहे असं वाटलं, आणि मांडीत होती नव्हती ती ताकद लावून मी ती धरली.

"हं," मी म्हणालो.

मामानं स्टँड लावला. पण "उतर" म्हणाला नाही. तो तसाच बसून राहिला, आणि मीही. पंक्चरवाला टपरीतून बघत होता, दोन माणसं थांबलेल्या गाडीवर काच धरून का बसली आहेत म्हणून. मग मामानं त्यालाच हाक मारली, जुन्या ट्यूबच्या दोन लांब पट्ट्या मागून घेतल्या. एक फळीपाशी बांधली, एक माझ्या खांद्यावरून काचेच्या डोक्यावरून घेऊन कॅरियरला. ताणली, टिचकी मारून पाहिली. आता काच, मी आणि गाडी एकाच गाठीत होतो. सोडायची म्हटलं तरी सुटणार नव्हती, आणि उतरायचं म्हटलं तरी मला उतरता येणार नव्हतं. मामानं हे दुसरं काम मुद्दाम केलं असणार, पण मी विचारलं नाही.

बेकरीपर्यंत आम्ही इतक्या हळू गेलो की सायकलीही पुढे निघून जात होत्या. काच बसली. माशा बाहेर राहिल्या. बेकरीवाल्यानं दोघांना एकेक केक दिला. मामानं आपला मामीसाठी कागदात बांधून घेतला, मी माझा खाल्ला आणि नंतर मला त्याचंही वाईट वाटलं.

परतताना पंक्चरवाल्यानं हात केला. पट्ट्या परत मागत होता. मामानं गाडी थांबवली, मी पाय रोवून "हं" म्हणालो, कारण आता तोंडात बसलंच होतं.

"याच्याकडे माग," मामा म्हणाला. "माझा गुडघा यानंच फोडला. एवढं तरी देणं लागतो तो."

टपरीसमोर चार माणसं होती. पंक्चरवाला हसला. "तुम्ही तर म्हणाला होतात तेल सांडलं होतं."

"तेल कुठलं. हा सांडला होता."

सगळे हसले. माझे कान तापले. मी मामाच्या पाठीकडे बघत राहिलो. शर्टाच्या आत ती पाठ हसण्यानं हलत होती. पंक्चरवाल्याला मी काय म्हणालो कुणास ठाऊक, बहुतेक उद्या आणून देतो म्हणालो. मामानं गिअर टाकला, या वेळी बरोबर पायानं.

मोठी कामं हळूहळू पुन्हा येऊ लागली आहेत. गुडघा थंडीत दुखतो. मामा जिना चढताना कठडा धरतो, आणि मी मागून चढत असलो की हात झटकन सोडून देतो. मैदानाकडून जाताना पंक्चरवाला रोज विचारतो, पट्ट्या कुठायत. मी उद्या देतो म्हणतो. दोन्ही पट्ट्या फळीला बांधलेल्याच आहेत, आणि त्या सोडल्या तर नाकतोड्यावर मोठी काच जाणार नाही, त्यामुळे त्याचं देणं अजून तसंच आहे.