मोबाईलनं रचलेली चिडवणीची गाणी

आमच्याकडे लग्नात वऱ्हाड जेवायला बसलं की मुलीकडच्या बाया गाण्यांतून त्यांना चिडवतात. वऱ्हाडातल्या बाया गाण्यातूनच उत्तर देतात. ज्यांचं गाणं आधी थांबलं, ते हरले. आणि हरलेल्या घरच्या मुलीला सासरी दर सणाला ऐकावं लागतं, "तुह्या माहेरच्या बाया मुक्या आहेत का वं?"

नातीचं लग्न ठरलं चिचगडकडे. तिकडच्या बाया या कामात पटाईत. आणि आम्ही अर्जुनी मोरगावचे? थोरल्या जावेचे दात गेले, सुनांना सिनेमातली गाणी तेवढी येतात, आणि माझा गळा असा बसलेला की म्हशीला हाक मारली तर ती परकं कोण आलं म्हणून बघते. नात रडकुंडीला आली. "आजी, मले जनमभर टोमने नाही ऐकाचे."

ती नागपूरला कॉम्प्युटरवर काम करते. उपायही तिनंच काढला. मोबाईलमध्ये एक सॉफ्टवेअर होतं. जुनी गाणी ऐकवली की ते त्यांची चाल, ठेका, बोलण्याची ढब शिकतं आणि त्याच ढंगाचं नवं गाणं रचून म्हणतं.

"म्हंजे सुनेसारखं," मी म्हटलं. "सासूचं पाहून शिकते, अन् म्हनते माह्यंच आहे."

"आजी, टेप आहे का जुनी? सांग ना."

होती. माझ्याच लग्नाची, माझ्या माहेरची, केशोरीची. मामानं नवा टेपरेकॉर्डर आणला होता आणि लग्नापेक्षा त्यालाच जास्त माणसं बघायला होती. त्या टेपवर सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? नवरीचा! नवरीनं खरं तर मान खाली घालून मुसमुसायचं. पण मावशीनं चाल चुकवली आणि या शहाणीला राहवलं नाही. बाशिंगाआडून हिनंच सूर धरला. संध्याकाळी ज्या घरी नांदायला जायचं, त्या घराची अब्रू भरदुपारी मांडवात टांगली. आई पाठीमागून चिमटे काढत होती. मला वाटलं, माय खूश झाली. मी आणखी जोरात.

नातीनं ती टेप मोबाईलला ऐकवली. पहिली दोन गाणी तयार झाली ती मी तपासली. एकात पाहुण्यांच्या भुकेची थट्टा, दुसऱ्यात त्यांच्या मळक्या फेट्याची. चाल अगदी आमची. मधे बासरी कुठून आली देव जाणे, पण म्हटलं असू दे, चिचगडवाले दबतील. "बाकीचे तिथंच बनवू," नात म्हणाली, "जसं लागंल तसं."

लग्नाच्या दिवशी पंगत बसली. आमच्याकडून स्पीकर वाजू लागला आणि समोरच्या बाया दचकल्याच. पण नवरदेवाची आजी खमकी. हातातला घास तसाच ठेवून तिनं उत्तर दिलं. भुकेला भूक, फेट्याला फेटा. नातीनं शालूतूनच बोट चालवलं आणि मोबाईलनं ताजं गाणं काढलं:

"सुपाएवढे कान याचे, पाखडा जी धान,
वारा आला जोराचा त उडून जाईल कान!"

सगळे नवरदेवाचे कान बघू लागले. बिचाऱ्याचे कान लिंबाच्या पानाएवढे! मग हळूहळू सगळ्यांच्या माना वळल्या त्या वाढप्याकडे. वांग्याच्या भाजीची बादली घेऊन आमचा म्हातारा उभा होता. त्याचे कान मी काय सांगू? त्या टेपवर नवरीनं कान सोडून दुसरं काही गायलंच नव्हतं म्हणा ना. भूक, फेटा संपल्यावर मोबाईलला खायला तेवढंच उरलेलं, तेच तो ओकणार. पुढचं कडवं पुन्हा कानांचंच. त्याच्या पुढचंही.

नवरदेवाची आजी मांडीवर थाप मारून म्हणाली, "अवं, हे आपल्याच मानसाले चिडवून राहिले! आमाले मेहनतच नाही!"

नातीचा चेहरा उतरला. "आजी, बंद करू का?"

"बंद केलं त हरलो," मी कुजबुजले. "वाजू दे."

पण वाजून तरी काय उपयोग? आम्हीच आमची धुलाई करत होतो.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं बादली खाली ठेवली. या गाण्यांत पुरुष कधी तोंड घालत नाहीत. आमचा तर एरवीही घालत नाही, घरात त्याला संधीच कुठे? त्यानं स्पीकरकडे बोट केलं, घसा खाकरला आणि त्याच चालीवर म्हटलं:

"कान माहे सुपाएवढे, म्हनून त टिकलो जी,
जनमभराची हिची वटवट त्याच्यातच ठेवलो जी!"

मग पंगत जी उसळली! कुणाच्या नाकात भात गेला, कुणी पत्रावळीवर आडवं झालं. चिचगडच्या बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. नवरदेवाच्या आजीनं सूर लावायला तोंड उघडलं आणि त्यातून हसूच बाहेर पडलं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हसू.

थोरली जाऊ बिनदातांची, पण डोकं शाबूत. तिनं उभं राहून जाहीर केलं, "थांबल्या! चिचगडवाल्या थांबल्या!"

थांबल्याच होत्या. नियम तो नियम. नातीनं शालू सावरत अशी उडी मारली की भटजींनी डोळे मिटले.

निघताना नवरदेवाची आजी माझ्याजवळ आली. माझा हात दाबून म्हणाली, "विहीनबाई, पोरीले आमी फुलावानी ठेवू. पन तिचा मोबाईल तुमीच ठेवून घ्या."

"मोबाईल नेऊ द्या," मी म्हटलं. "तुमच्या घरचंबी शिकू द्या त्याले. बारशाले कामी येईल."