उतरलेलं कातडं

"अहो, बरोबर आहे. कातड्यातलं तुम्हालाच कळणार."

एवढंच म्हणाला शंतनू. सहा महिने मला 'तू' म्हणणारा मुलगा त्या एका वाक्यापुरता अहो-जाहोवर आला. पुण्यात मान असाही देतात. माझी चिठ्ठी त्याच्या हातात होती. ती त्याने दुमडली, चहाच्या बशीखाली सरकवली आणि बाकीच्यांना सांगितलं, "हिचे गुण धरू नका."

बाकीचे चौघे हसले. मीही हसले.

त्याचं बोलणं मी केव्हाच पचवलं असतं. माझं ते हसणं अजून घशात अडकलेलं आहे.

नव्वदीची सुरुवात होती. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, विषय भौतिकशास्त्र. प्रॅक्टिकलच्या वेळी वाट बघताना मी टेबलावर बोटांनी ताल धरायचे. एकदा शेजारच्या टेबलावरच्या शंतनूने गाणं ओळखलं. "तू हे ऐकतेस?" हे त्याने असं काही विचारलं, जणू मी खिशातून हत्ती काढला होता. मग त्याने रविवारी घरी बोलावलं, प्रभात रोडला. मी हवेत होते. उगीच खोटं कशाला बोलू? कुणीतरी मला गाण्यासाठी बोलावलं होतं, आणि असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

बैठकीचे नियम कडक होते. सकाळी दहाला पडदे ओढायचे. एकापाठोपाठ एक दोन इंग्रजी गाणी लावायची, एक हार्ड रॉक, एक हेवी मेटल. कुणाचं गाणं ते आधी सांगायचं नाही. गाणं चालू असताना खोकायचंसुद्धा नाही. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर दहापैकी गुण लिहायचे आणि खाली एका ओळीत कारण. शंतनू चिठ्ठ्या वाचणार. त्यातून सहामाही यादी निघायची आणि ती कॉलेजच्या फलकावर लागायची. कॉलेजातली मुलं ती यादी बघून कॅसेटी भरून घ्यायची. म्हणजे कुठलं गाणं चांगलं आणि कुठलं टाकाऊ, हे आम्ही सहा जण ठरवत होतो. त्या सहांत मी होते. मला तेच हवं होतं. माझ्या कानाला किंमत हवी होती.

कान मला आला कुठून, हे मात्र मी तिथे सांगितलं नव्हतं.

आम्ही मातंग. बिबवेवाडीत डोंगराच्या उताराला दोन खोल्या. माझे वडील, आबा, मार्केट यार्डात हमाली करायचे आणि लग्नसराईत हलगी वाजवायचे. हलगी म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं. हवा दमट असली की ते सैल पडतं, आवाज बसतो. आबा म्हणायचे, उतरली. मग जुन्या वर्तमानपत्राचा जाळ करून शेकायची. टिचकी मारायची, ऐकायचं, पुन्हा शेकायची. चढली की नाही, हे मला चालता यायच्या आधीपासून कळत असावं. बैठकीत शंतनूने विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हणाले, मार्केट यार्डात असतात. तो म्हणाला, व्यापारी का? मी मान हलवली. हो की नाही, हे त्याने त्याला हवं तसं घ्यावं, अशी.

माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेला वॉकमन होता आणि कॅम्पातल्या दुकानातून भरून घेतलेल्या चार कॅसेटी. शब्द निम्मे कळायचे नाहीत. पण गायक जेव्हा गळा फाडायचा तेव्हा मला वाटायचं, चला, कुणीतरी ओरडतंय. आमच्या घरात कुणी ओरडत नसे. आबा तर मुकादमाने आईवरून शिवी दिली तरी खाली बघायचे.

दोन्ही प्रकारांतला फरक मी माझ्यापुरता असा ठरवला होता. हार्ड रॉकचा ताल झुलतो, माणसाला खांद्याला धरून नाचायला ओढतो. हेवी मेटलचा ताल अंगावर चालून येतो. दोन्हींत गंमत आहे. पण प्रभात रोडच्या बैठकीत हार्ड रॉक नेहमी हरायचं. चार गुण, पाच गुण. कारण ठरलेलं, 'रेंगाळतं.' आणि मेटलला नऊ. 'काय वजन आहे.'

मला घरी तसं ऐकू येत नव्हतं. घरी तीच गाणी चपळ वाटायची, आवाज वर असायचा. एकदा मी भीत भीत तसं म्हणाले, तर शंतनूने समजावलं की स्वस्तातले वॉकमन पळतात. त्याचा कॅसेट-डेक अमेरिकेतला होता. मामाने तिथे दहा वर्षं वापरून मग पाठवलेला, लोखंडासारखा जड. शेजारी विजेचा दाब उतरवायला एक गरम होणारा डबा. खरं ऐकायचं तर यावर, असं तो म्हणायचा. मी मानलं. सहा महिने मी स्वतःच्या कानाविरुद्ध गुण दिले. हार्ड रॉकला चार लिहिले, खाली 'रेंगाळतं' लिहिलं. यादीत ते चार माझेही आहेत.

त्या रविवारी पहिलं गाणं सुरू झालं आणि मी ताठ बसले. ते माझं गाणं होतं. सुरुवातीला नुसते ड्रम, बाकी काही नाही. मी ते शंभरदा ऐकलं होतं. आणि डेकवर ते ड्रम कसे वाजत होते? जुलै महिन्यात न शेकता बाहेर काढलेल्या हलगीसारखे. बसलेले, ओले. गिटार आलं, तेही खाली. गायक सर्दी झाल्यासारखा. पुढे मला काही ऐकवेना.

चिठ्ठीवर मी लिहिलं, 'ड्रमचं कातडं उतरलेलं वाटतंय. तसं ते नाही. टेप हळू चालतोय. गुण देता येत नाहीत.'

शंतनूने ते मोठ्याने वाचलं. कातडं या शब्दाशी थांबला. माझ्याकडे बघितलं. आणि ते वाक्य बोलला.

त्याला माहीत होतं. त्याही वर्षी शिष्यवृत्तीची यादी फलकावर लागली होती, नावापुढे जात लिहून. त्याने ती वाचली होती आणि सहा महिने खिशात सांभाळून ठेवली होती. वेळ आल्यावर काढली.

मी घरी आले तेव्हा आबा दारात हलगी शेकत होते. संध्याकाळी वरात होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. चिडले, पण माझ्यावर.

"तिथं कातड्याची गोष्ट काढलीस कशाला?" ते म्हणाले. "मी वाजवतो ते पोटापायी. तू ह्यातनं भाईर पडावी म्हणून शिकवली तुला. आन तू तिथं जाऊन हेच सांगतीस व्हय?"

मला त्यांचा इतका राग आला की मी वॉकमन काढून त्यांच्या कानाला लावला. तेच गाणं. ते नको नको म्हणाले. मग गुडघ्यावर दोन बोटं हलायला लागली. ड्रम संपून गिटार सुरू झालं तसं त्यांनी ते कानावरून काढलं.

"चढलेली हाय. बराबर हाय," ते म्हणाले. आणि लगेच, "पर त्यास्नी सांगू नगंस."

एवढ्या वर्षांत कुणी त्यांना विचारलंच नव्हतं की हे बरोबर आहे का. विचारलं तेव्हा त्यांनी दोन वाक्यांत निकाल दिला आणि तो लपवायला सांगितला. मला रडू आलं. ते बघायला नको म्हणून आबा हलगी घेऊन उठले.

मंगळवारी प्रयोगशाळेत विजेच्या मोटरचा प्रयोग होता. मी नोंदी करता करता थांबले. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. जुन्या यंत्रांतली मोटर त्या हेलकाव्यांच्या तालावर फिरते. शंतनूच्या घरचा डबा विजेचा दाब उतरवत होता, पण हेलकावे तो कुठून बदलणार? म्हणजे ज्याला ते वजन म्हणत होते ती मोटरची दमछाक होती. सहा महिने गाणी नाही, ते यंत्र पहिलं येत होतं.

पुढच्या रविवारी मी गेले. मी येईन असं कुणाला वाटलं नव्हतं. मी शंतनूची मूळ कॅसेट उचलली. आतल्या कागदावर गाण्याची लांबी छापलेली होती, पाच मिनिटं. मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, लाव. सगळे घड्याळाकडे बघत बसले. गाणं संपायला सहा मिनिटं लागली.

मी हेलकाव्यांचं समजावून सांगितलं. शंतनूने डेक फिरवून मागची पट्टी वाचली. साठ लिहिलेलं होतं. तो मूर्ख नव्हता, त्याला लगेच कळलं. मला वाटलं, आता हा माझं नाव घेईल. म्हणेल, हिचं बरोबर होतं.

"टेक्निकल पॉइंट आहे, मान्य," तो म्हणाला. "पण लिस्ट परवाच लागलीये बोर्डावर. आता बदलली तर आपलंच हसं होईल. तू कुठे बोलू नकोस. पुढच्या वेळेपासून तुझे गुण धरू."

लाच होती ती. आणि सांगते, क्षणभर मला ती हवीशी वाटली. ती खोली, त्या कॅसेटी, गाण्यावर तासभर भांडणारी ती माणसं मला दुसरीकडे कुठे मिळणार होती? बिबवेवाडीत मी कुणाशी बोलणार होते?

मी विचारलं, "आणि मागच्या रविवारी बोललास ते?"

"अगं, गंमत केली. तू पण हसलीसच की."

ते खरं होतं. म्हणूनच ते चाबकासारखं बसलं. मी घड्याळ उचललं.

"हसले. ते चुकलं माझं," मी म्हणाले. "माझे वडील हलगी वाजवतात. त्यांच्यामुळे मला एका गाण्यात कळलं. तुम्हाला सहा महिन्यांत कळलं नाही."

चप्पल घालताना बंद लागेना, मी तशीच निघाले. मागून कुणी हाक मारली नाही. डेक्कनच्या थांब्यावर बस येईपर्यंत मी माणसांसमोर रडले. सुटका झाल्यासारखं वगैरे अजिबात वाटलं नाही. हातचं काहीतरी गेलं होतं आणि ते परत मिळणार नव्हतं.

आठवडाभर मी माझ्या वॉकमनवर मिळतील तेवढी यादीतली गाणी पुन्हा ऐकली. काही गाणी मैत्रिणीच्या भावाकडून मागून आणली. प्रत्येकाला नव्याने गुण दिले. ज्या गाण्याला आम्ही चार दिले होते त्याला मी नऊ दिले. नऊ मिळालेली दोन मेटलची गाणी सहावर आली, एक नऊवरच राहिलं, कारण ते खरंच नऊचं होतं. प्रत्येकापुढे कारण लिहिलं. ड्रम आधी, बाकीचं नंतर.

आबांना मी कागद वाचून दाखवला. शेवटची ओळ ऐकून ते म्हणाले, "ती खोड." मी म्हणाले, नाही खोडणार. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सोमवारी मी तो कागद फलकावर लावला. जिथे माझी जात लिहिलेली यादी टाचली होती, त्याच जागी. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. आणि शेवटची ओळ: 'माझे वडील हलगीवादक आहेत. हे कान त्यांचे. ज्याला गुण चुकीचे वाटतील त्याने घड्याळ घेऊन यावं.'

मंगळवारी सकाळी कागद फाडलेला होता. टाचणीखाली एक कोपरा तेवढा उरला होता.

मी पिशवीतून दुसरा काढला. रात्री पाच लिहून ठेवले होते.