साखरपुड्याचे गुलाब

गमपेस्ट म्हणजे साखरेची कणीक. केकवरची फुलं तिचीच करतात. मूळ कृतीत अंड्याचा पांढरा बलक असतो, पण आमच्या सोवळ्याच्या घरात अंडं येणं शक्यच नव्हतं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात हे कळल्यावर तेही बाद झालं. शेवटी पिठीसाखर, सीएमसी नावाची डिंकासारखी चिकट होणारी पूड, गरम पाणी, थोडा लिंबाचा रस आणि हाताला डालडा, एवढ्यावर माझं जमलं. पाथर्डीत केकवर गुलाब हवे असले की लोक माझ्याकडे येत. मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडची हवा कोरडीठाक. कोकणात म्हणे पावसाळ्यात फूल वाळतच नाही. इथे उन्हाळ्यात पाकळी लाटून होईतो पापडासारखी सुकते. म्हणून गोळा ओल्या फडक्याखाली झाकायचा, एका वेळी एकच पाकळी लाटायची, तिची कड बोटानं पातळ करायची आणि चटकन चिकटवायची. जरा रेंगाळलं की कड चिरलीच.

गेल्या उन्हाळ्यात सगळ्याच कडा चिरायला लागल्या. मी पिठीसाखरेला नावं ठेवली, दुकान बदललं. पूड जुनी असेल म्हणून नवी आणली. वाऱ्यानं सुकतंय म्हणून पंखा बंद करायला लावला, तेव्हा घामानं निथळत आमचे हे म्हणाले, "अगं, फुलं वाळोत न वाळोत, मी मात्र विरघळतोय." मी त्यांच्यावर खेकसले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले. आता स्वतःच अंगणाला शिव्या देत होते. सून कणकेकडे बघतच नव्हती. ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती.

"आई, हात कापतोय तुमचा," ती हळूच म्हणाली.

नगरच्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, कागदावर लिहायला लावलं. हा कंपवात आहे, गोळ्यांनी कंप थोडा आवरेल, पण आजार बरा होणार नाही, हळूहळू वाढेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. परतताना एसटीत ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता. त्यांच्या हातातही तो थांबेना. मला वाटलं, पाय गेले असते तरी चाललं असतं, बसून फुलं केली असती. असा विचार करू नये म्हणतात. मी केला.

त्याच्या आधीच जवळच्या गावातल्या एका शेतकरी बाईंनी धाकट्या लेकीच्या साखरपुड्याचा केक सांगून ठेवला होता. थोरलीच्या वेळचे गुलाब मीच केले होते. "फुलं तुमच्याच हातची पायजेत," एवढीच त्यांची अट होती. मी रोज बसून बघितलं. कणीक उत्तम होत होती, मऊ, ताणली तरी न तुटणारी, आणि त्यानं जीव जास्तच जळत होता. पाकळी पातळ करायला घेतली की बोट कडेतून आरपार जाई. शेवटी कसाबसा एक गुलाब उभा राहिला. तो बघून सून भांडी आवरायला लागली, आणि मला कळायचं ते कळलं. मी तो चुरून टाकला आणि ओट्याशीच खाली बसून रडले.

सुनेनं पुण्याहून तयार गुलाब मागवले. साच्यातले, सगळे एकसारखे, एकही कड चिरलेली नाही.

"त्यांना खरं सांगून टाकू या, आई."

"केक न्यायला आल्या की मीच सांगते," मी म्हणाले.

त्या आल्या, खोक्याचं झाकण उघडलं आणि तोंडावर हात ठेवून बघतच राहिल्या.

"अगं बया! काकू, लई झ्याक! थोरलीच्या येळेपेक्षा बी भारी झाल्यात."

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी पदराआड धरलेला माझा उजवा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला. तो कापतच होता.

"किती दमलाय ह्यो हात," त्या म्हणाल्या. "इतकं बारीक काम केल्यावर व्हनारच की. आता जरा इसावा द्या याला."

"देते," मी म्हणाले.