पाणी उतरलेली पाती

वसंता गेला तेव्हा मी सातवीच्या वर्गाला पेरूचं चित्र शिकवत होतो. त्याचा मिलिंद दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, बाबा गेले." मी हातातला खडू खाली ठेवला, पोरांना रंग भरायला सांगितलं आणि त्याच्या मागोमाग निघालो. घरी जमलेली माणसं एकमेकांना समजावत होती, सुटला बिचारा. मला त्या शब्दाचा संताप आला. कंपवाताने चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल असंच बोलायचं असतं हे मला कळतं, पण सुटला म्हणायला आधी तो कुठेतरी अडकलेला तरी असावा लागतो. वसंता त्या अंथरुणात नव्हताच. तो गेला होता त्याच्या बराच आधी, आणि ते फक्त त्याला नि मला ठाऊक होतं.

आमची ओळख झाली ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, गोदाघाटावर. मी पायरीवर बसून देवळांचं चित्र काढत होतो आणि पेन्सिलीला टोक करत होतो. मागून आवाज आला, "मास्तर, पेन्सिल तासताय की दुधी सोलताय?" वळून बघतो तर सातपूरच्या कारखान्यातला खाकी शर्ट घातलेला, माझ्याच वयाचा माणूस. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नाही, उजव्या हातावर मात्र रान माजलेलं. मला वाटलं भाजला असेल. पुढे कळलं, चाकूवेड्यांची खूण असते ती. धार लावली की हे लोक ती हातावरच्या केसांवर बघतात. वर्षभरात माझाही डावा हात तसाच झाला आणि बायकोने आईकडे तक्रार केली.

वसंत गांगुर्डे टूलरूममध्ये, कारखान्याची हत्यारं घडवायच्या कामाला होता. रविवारी त्याच्या घराच्या मागच्या ओट्यावर आमची बैठक भरायची. मालेगावचा यूसुफ महिन्यातून एकदा एसटीने यायचा, कुठल्या कुठल्या बाजारातून मिळवलेले जुने चाकू रुमालात गुंडाळून आणायचा. शिंगाच्या मुठीचे, पितळी मुठीचे, एक तर करंगळीएवढा. तिघं मिळून ते खोलायचे, गंज काढायचा, तेल घालायचं, दगडावर धार लावायची आणि मग एखादी काकडी इतकी पातळ कापायची की पलीकडचं दिसावं. खायची शुद्ध कुणाला नसायची. शांतावहिनी चहा आणताना म्हणायच्या, "तीन खाटीक बसलेत आणि बोकडाचा पत्ता नाही!" यूसुफ म्हणायचा, "भाभी, बकरा तो ये मास्तर है ना."

वसंता देवधर्म, मुहूर्त, मांजर आडवं जाणं, सगळं हसण्यावारी न्यायचा. एकच गोष्ट पाळायचा. सुरी हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं. आपण खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. मी एकदा चिडवलं तर म्हणाला, "बाकी सगळं झूट हाय मास्तर, पण दोस्तीशी खेळ नको." त्यामुळे त्या ओट्यावर एक चाकू बघायलाही वेळ लागायचा. ठेवा, उचला, बघा, पुन्हा ठेवा. ती आमची चाल होऊन बसली होती.

यूसुफ अचानक वारला आणि त्यानंतर दोन वर्षांत वसंताचा उजवा हात थरथरू लागला. आधी आम्ही थट्टा केली. मग कारखान्यातली नोकरी गेली. मग एका रविवारी त्याने तळहात असा कापून घेतला की ओटा लाल झाला, आणि वहिनींनी सगळे चाकू कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. तो भांडला नाही. फक्त बोलायचा थांबला, जेवायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. मला इतकंच कळत होतं की चाकू हातात आल्याशिवाय हा माणूस उठत नाही.

मिलिंद कारकून आहे, बापावर जीव टाकणारा मुलगा. त्यानेच मार्ग काढला. सगळे चाकू मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेले, ग्राइंडरवर प्रत्येकाची धार सपाट करून आणली आणि बापाच्या मांडीवर रुमाल सोडला. "बाबा, आता खुशाल खेळा. कापायची भीती नाही." मी तिथेच होतो. वसंताने एक चाकू उघडला. पात्याच्या कडेला निळी झाक होती. दुसरा उघडला, तसाच. पोलाद तापवून पाण्यात नाहीतर तेलात बुडवतात, त्याला पाणी देणं म्हणतात. तेच पातं ग्राइंडरच्या कोरड्या चाकावर निळं होईस्तोवर तापलं की पाणी उतरतं. मग धार लागते, टिकत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोलादाला पाणी देणाऱ्या माणसाला हे सांगायला नको होतं... तो मुलाकडे बघून म्हणाला, "झकास केलंस लेका."

मिलिंद आनंदाने आत गेला. वसंताने थरथरत्या हाताने तो चाकू सरळ माझ्या हातात दिला. "घे. आता भांडण व्हायचं नाही." मग म्हणाला, "पोराला कळू देऊ नको." त्यानंतर त्याने कुठलाच चाकू उघडला नाही. माझ्यापुरता वसंता त्या दिवशी गेला.

आता मिलिंद दर रविवारी माझ्याकडे येतो. बापाची आठवण म्हणून पितळी मुठीचा चाकू त्याने स्वयंपाकघरात वापरायला काढलाय. मी दगडावर धार लावतो. चांगली लागते. सोमवारी टोमॅटो दाबला जातो, कापला जात नाही. पुन्हा पाणी देणं माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराचं काम नव्हे, आणि दुसऱ्या कुणा जाणकाराकडे दिला तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल, कुणी जाळलं हे पातं? म्हणून मी कुणाकडे देत नाही.

गेल्या रविवारी मिलिंद समोर बसून दगडावर फिरणारा माझा हात बघत होता. म्हणाला, "काका, बाबांनी लावलेली धार महिनाभर जायची नाही. तुमची दुसऱ्या दिवशीच कशी हो जाते?"

"त्याचा हात होता रे तो," मी म्हणालो. "माझ्यात तेवढं कसब नाही."