बिब्ब्याखालचा डाग

डॉक्टरांनी माझ्या डाव्या हातावरच्या पांढऱ्या डागात सुई टोचली आणि मी "आई गं" करून ओरडलो. डॉक्टर हसले. "दुखतं ना? मग ही लेप्रसी नाही," ते म्हणाले. लेप्रसी म्हणजे महारोग. त्याच्या चट्ट्याला टोचलेलं कळत नाही. माझं नुसतं कोड होतं. त्याने ताप येत नाही, बोटं झडत नाहीत, दुसऱ्याला ते लागत नाही. दाराशी उभ्या असलेल्या सासऱ्यांनी हे सगळं ऐकलं, तरी त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही.

तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. आता म्हातारा झालो आहे आणि खरं सांगायचं तर हे लिहायचाही कंटाळा येतो. पण अंगावर असा डाग घेऊन तो लपवता लपवता जे दमले असतील, त्यांनी हे वाचावं. ते दमणं मला चांगलं ठाऊक आहे.

माझं लग्न बाराव्या वर्षी झालं होतं. बायको भातकुलीची, नाव गिरजा. आमच्यात लग्न लहानपणी व्हायचं आणि मुलगी मोठी झाली की सासरी यायची. लग्नानंतर वर्षभराने माझ्या मनगटाच्या वर हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका दिसला. आईने शेणकुटाची राख लावली, नवस बोलली, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तर अख्खा हातच झाकला.

पुढे मी आमच्या वलगावाहून अकोल्याला एका आडत्याकडे कामाला गेलो. अमेरिकेत कुठेतरी लढाई पेटली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. माझं काम बोऱ्यांवर, म्हणजे कापसाच्या पोत्यांवर, निशाणी घालायचं. बिब्ब्याचं तेल चुन्यात कालवून काडीने आकडा काढायचा. तो मग पावसाने जात नाही की धुऊन जात नाही.

एकदा मोर्णा नदीवर आंघोळ करताना आडत्याच्या आवारातल्या पोरांनी माझा हात पाहिला. डाग तोवर कोपरापर्यंत चढला होता. "बोंड फुटलं रे याचं! येचा रे याले!" असं ओरडत सगळे कापूस वेचल्यासारखे अंगाला चिमटे काढायला लागले. ते रोजचंच झालं. कुणी माझ्या लोट्याला शिवेना. त्यांच्यातला एक जण म्हणायचा, "तुह्या सासऱ्याले सांगतोच. मंग पाह्यतो कसा पाठोते पोरीले." इतर सगळं मी गिळलं, पण त्या एका वाक्याने माझी झोप गेली.

कारण गिरजा मला आवडायला लागली होती. हंगामात गाड्या भरायला भातकुलीला गेलो की ती अंगणात चरखीवर सरकी काढत बसलेली असायची. बोलायची सोय नव्हती. ती पाण्याचा तांब्या आणायची, आणि तांब्यावरच्या झाकणीत चार बोरं असायची. मी उजव्या हाताने तांब्या घ्यायचो, डावा हात पाठीमागे. वर्षभर मी त्या चार बोरांवर काढायचो.

तिला आणायला जायचं ठरलं, तेव्हा माझी मती फिरली. बोऱ्यावरचं काळं जात नाही, मग हातावरचं कशाला जाईल? माझी बोटं बिब्ब्याला सरावलेली होती. हात मात्र सरावला नव्हता, हे लक्षातच आलं नाही. निघायच्या दिवशी सगळा डाग बिब्ब्याने रंगवला. पाहून फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या अलीकडे खाज सुटली. तिसऱ्या दिवशी हात कोहळ्यासारखा सुजला, फोड आले, ताप चढला. बिब्बा उतला होता, म्हणजे अंगावर उठला होता. तीळ-खोबरं वाटून लावतात हे पोरासोरांनाही माहीत असतं, पण तीळ मागायचे तर हात दाखवावा लागला असता. मी गाडीत बाही धरून बसलो. अमरावतीला पोचेस्तोवर शुद्ध नव्हती. गाडीवानाने सरकारी दवाखान्यात टाकलं आणि वलगावला आणि भातकुलीला निरोप धाडला.

डॉक्टर पुण्याकडचे होते. "इन्फ्लमेशन आहे, म्हणजे दाह. दोन दिवस उशीर केला असतास तर हात कापावा लागला असता," ते म्हणाले. रोज दोनदा पोल्टिस बांधायचे, म्हणजे जवसाचा गरम लगदा. बाकी सगळा वेळ व्हरांड्यात वाट पाहायची. माझ्या शेजारी एक खरा महारोगी बसायचा. तो माशा वारायचा, माझ्याही. सुईच्या दिवशी मी सुटलो म्हणून आनंद झाला, आणि त्याच्याकडे पाहून त्या आनंदाची लाज वाटली.

सुई टोचली तोवर फोडांची सालं गेली होती, तसं काळंही गेलं होतं. खालचा डाग होता तसाच होता.

सुईच्या दुसऱ्या दिवशी सासरे गिरजाला घेऊन आले. मला वाटलं, संपलं. ते तिला म्हणाले, "पाहून घे याचा हात, अन् चाल घरी."

तिने पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "हे मले लग्नातच दिसलं होतं. हातावर हात ठेवला तवा. मुगाएवढं होतं. अक्षता चिकटली म्हनून म्या नखानं खरडून पाह्यलं, निघालं नाई."

"मंग आतापस्तोर सांगतलं काऊन नाई?" सासरे ओरडले.

"तुमी मले पाठोलं नसतं."

सासरे खाटेच्या कडेवर बसले. बराच वेळ पागोटं काढून हातात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "घरी तीळ होते ना रे बाप्पा. मागाचे तं होते." एवढंच.

मी पाच वर्षं जे जिच्यापासून लपवलं, ते तिला माझ्याआधी ठाऊक होतं, आणि तीही ते माझ्यासाठी लपवत होती. एवढा शीण आम्ही दोघांनी उगाच वाहिला. त्या डॉक्टरांचे आणि माशा वारणाऱ्या त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही, पण मला बरं केलं ते त्या नखाने.

गिरजाने कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून आणला. "पानी घेताना हा हात मांगं काऊन ठेवत होते तुमी?" तिने हळूच विचारलं. मी दोन्ही हात पुढे करून तांब्या घेतला.