शेऱ्याचा रकाना

माझे मामा विद्यापीठाच्या संशोधन विभागात मुख्य लिपिक होते. प्राध्यापकांना संशोधनासाठी केंद्र सरकारकडून जे अनुदान मिळतं, त्याचे सगळे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. मी शिकायला चार वर्षं मामांच्या घरी राहिले. त्यामुळे कुठला प्राध्यापक अर्जावर सही करायला विसरतो आणि कुठला नको तिथे चार सह्या ठोकतो, हे मला जेवताजेवताच कळायचं.

मामांची जीभ तिखट, पण माणूस गोड. फायलीच्या कडेला ते असा काही शेरा मारायचे की वाचणाऱ्याला हसू आवरू नये. गळक्या छताबद्दलच्या सातव्या तक्रारीवर त्यांनी एकदा लिहिलं, ‘अर्जदार चिकाटीचे आहेत, छतही.’ तेव्हापासून सगळं ऑफिस त्यांना शेरेबहाद्दर म्हणायचं. मामांना ते मनापासून आवडायचं.

त्या वर्षी केंद्राकडून पत्र आलं. अनुदानाला कात्री लागणार होती. ज्यांना प्राधान्य देण्याची गरज नाही असे निदान सहा प्रकल्प विद्यापीठाने कारणांसह तीन दिवसांत कळवावेत, असा हुकूम होता. विभागाचे संचालक परगावी निघाले होते. जाताजाता ते मामांना म्हणाले, “तुम्हाला सगळं पाठ आहे. यादी करून ठेवा, मी आल्यावर सही करतो.”

चालू प्रकल्प होते एकशे चाळीस. प्रत्येकाचे वार्षिक अहवाल मागच्या कपाटात होते. मामांनी कपाट उघडलंच नाही. चहाच्या वेळी ते नुसती शीर्षकं मोठ्याने वाचत गेले आणि भोवती जमलेली मंडळी हसत गेली. ‘गोगलगायीच्या स्रावातील चिकटपणाचा अभ्यास’ हे शीर्षक आलं तेव्हा टंकलेखक बाईंना ठसका लागला. मामांनी तिथे खूण केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘विषयाप्रमाणेच प्रकल्पाची गतीही गोगलगायीचीच. सहा वर्षे सरपटूनही कोठे पोहोचल्याचे दिसत नाही.’

परत आलेल्या संचालकांनी सही केली. कागद वर गेला.

रात्री जेवताना मामांनी हे सगळं आम्हाला साभिनय सांगितलं. मी हसून हसून बेजार झाले. मामी मात्र भात वाढता वाढता म्हणाल्या, “पण त्या गोगलगायींचं करतात काय ते?”

“कोण जाणे,” मामा म्हणाले आणि आम्ही दोघं पुन्हा हसलो.

दोन महिन्यांनी तो प्रकल्प बंद झाल्याचं पत्र आलं. कारण म्हणून मामांची दोन वाक्यं जशीच्या तशी छापली होती, वर फक्त ‘तज्ज्ञांच्या मतानुसार’ एवढं जोडलेलं. पत्र प्राणिशास्त्राच्या मॅडमना द्यायचं आणि प्रयोगशाळेतली यंत्रं मोजून ताब्यात घ्यायची, हे कामही मामांकडेच आलं.

ती प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला लागून काचेच्या पेट्या, त्यांत ओली माती आणि पालेभाजीची पानं. मॅडम पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. पत्राची एक प्रत केंद्राकडून त्यांना आधीच आली होती. त्यांनी मामांना बसायला स्टूल दिलं आणि सगळी यंत्रं स्वतःच मोजून दिली. शेवटी मामांनी, काहीतरी बोलायचं म्हणून, मामींचाच प्रश्न विचारला.

मॅडमनी मामांचा हात नळाखाली ओला केला आणि त्यावर गोगलगायीच्या स्रावापासून बनवलेली एक पारदर्शक पट्टी बसवली. “ओढून बघा.” पट्टी हलेना. मग त्यांनी कसलंसं पाणी त्यावर सोडलं आणि पट्टी अलगद निघून आली. हातावरचा एक केसही ओढला गेला नाही.

“दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांची कातडी इतकी नाजूक असते, की नळीवरची चिकटपट्टी काढताना सालटं निघतं,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षांत इथवर आलो होतो. पुढच्या वर्षी रुग्णालयात तपासणी सुरू होणार होती.”

मामा हातावरचं पाणी पुसत राहिले.

मॅडमनी पत्र पुढे केलं. “हे कुणी लिहिलं, माहीत आहे तुम्हाला? कुणीतरी मोठा जाणकार असणार. मी माझे सहाही अहवाल पुन्हा काढून बसले आहे. कुठे रेंगाळले, काय चुकलं, एवढं तरी कळायला हवं ना मला?”

मामा म्हणाले, “मला कल्पना नाही.”

हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. त्या दिवशी नुसते घरी आले, जेवायला नको म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मामींना वाटलं, पित्त झालं असेल.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा रीतसर अर्ज आला: तज्ज्ञांचा मूळ अभिप्राय पाहायला मिळावा. तोही फिरत फिरत मामांच्याच टेबलावर. एका ओळीत खरं लिहून टाकता आलं असतं. मामांनी लिहिलं, ‘अभिप्राय गोपनीय असल्याने देता येत नाही.’ खाली सही केली. आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम कोणतं असं विचारलं, तर ते गोगलगायीच्या शेऱ्याचं नाव घेत नाहीत. ही ओळ सांगतात. म्हणतात, “पहिलं अज्ञानात झालं गं. हे तर डोळे उघडे ठेवून केलं.”

त्यानंतर मामा प्राणिशास्त्राच्या इमारतीला वळसा घालून घरी यायला लागले. तरी महिन्याभराने काही कागद घेऊन तिथे जावंच लागलं. वर्गाचं दार उघडं होतं. मॅडम प्रकल्पावर काम करणाऱ्या तिघी संशोधक मुलींना सांगत होत्या, “तुमची काहीच चूक नाही. माझाच वेग कमी पडला. तुमची वर्षं वाया गेली, मला माफ करा.” तिघींपैकी एक रडत होती.

मामा दाराशी थिजले. मुली निघून गेल्यावर ते आत गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “मॅडम, तो शेरा माझा आहे. तज्ज्ञ वगैरे कुणी नव्हतं.”

मॅडमना आधी कळलंच नाही. मामांनी चहाची वेळ, हसणारी मंडळी, सगळं सांगितलं. गोपनीय म्हणून दिलेलं उत्तरही सांगितलं.

“माझा एकही अहवाल तुम्ही उघडला नव्हता?”

“नाही.”

“एकही पान?”

“नाही, मॅडम.”

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, “महिनाभर मला झोप नाही. नवऱ्याला म्हटलं, मी मुळात या कामाच्या लायकीचीच नव्हते.” मामा हात जोडायला लागले तसं त्या म्हणाल्या, “ते नको. जा तुम्ही.”

मामा तिथून थेट संचालकांकडे गेले. आपण अहवाल न वाचता यादी केली, असं केंद्राला लेखी कळवायचं म्हणाले. संचालक उखडले. “माझी सही आहे त्यावर! तुमच्याबरोबर मलाही बुडवता?” मामांनी स्वतःच्या नावाने पत्र पाठवलं. घरी येऊन मामींना आणि मला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मामी रागावतील असं मला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मी विचारलं होतं तुम्हाला.” मला मान वर करता येईना. त्या रात्री पोट धरून हसणारी मीच होते.

केंद्राचं उत्तर तीन ओळींचं आलं. निधी दुसरीकडे वळवला आहे, पुढल्या फेरीत नव्याने अर्ज करावा. पुढल्या फेरीपर्यंत त्या तिघींपैकी कुणी थांबू शकलं नाही. एक शाळेत शिकवायला लागली, दोघी दुसऱ्या शहरांत गेल्या. मॅडमनी अर्ज केलाच नाही. मामांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बदली अभिलेख विभागात झाली, तळघरात, जुन्या दाखल्यांच्या गठ्ठ्यांमध्ये. ऑफिसातल्यांना वाटलं, म्हातारा अकारण हुतात्मा व्हायला निघालाय. टंकलेखक बाई एकदा म्हणाल्या, “आम्हीही हसलो होतो, पण म्हणून काय असं करायचं?”

मामांचे विनोद त्यानंतर हळूहळू आटले. मी मुद्दाम काही गमतीचं सांगितलं तर ते ऐकून घ्यायचे, हसायचेही, पण त्यात स्वतःची भर घालायचे नाहीत.

पुढल्या वर्षी मॅडम तळघरात आल्या. एका चिकटपट्ट्यांच्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली होती आणि जुना सेवा दाखला हवा होता. मामा उठून उभे राहिले. दाखला शोधायला अर्धा तास गेला. तेवढा वेळ त्या दाराजवळच्या बाकावर बसून होत्या. मामांनी दाखल्यावर सही करून तो दिला. मॅडमनी तो ओळ न् ओळ वाचला.

“सहीखाली तारीख राहिली आहे,” त्या म्हणाल्या.

मामांनी तारीख घातली. मॅडमनी दाखला पिशवीत ठेवला, नोंदवहीत पोच लिहिली आणि जिना चढून निघून गेल्या. घरी आल्यावर मामांनी हे सांगितलं तेव्हा मामींनी विचारलं, “काही बोलल्या का?”

“तारखेचं बोलल्या,” मामा म्हणाले आणि हात धुवायला उठले.