तुळईला टांगलेला पाळणा

माझ्या लेकीचं बारसं चर्चमध्ये झालं असं सांगितलं, की पुण्यातले नातेवाईक एकमेकांकडे बघतात. मग मी घाईघाईने सांगते, की आता ते चर्च नाही, पब्लिक हॉल आहे. त्यांच्या जिवात जीव येतो. पण त्या दिवशी ते थोडंफार चर्चच झालं होतं, आणि ते झालं माझ्या आईमुळे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला आम्ही मँचेस्टरबाहेरच्या एका छोट्या गावात राहायचो. गावाच्या मधोमध हे मध्ययुगीन पॅरिश चर्च. आर्किटेक्चर शिकताना असली चर्चं मी फक्त स्लाइडवर पाहिलेली, तीही डुलक्या घेत. इथे मला अजून नोकरी नव्हती, त्यामुळे गरोदरपणाचं पोट सांभाळत रोज तिथे जाऊन भिंती वाचायचे. उत्तरेकडचे खांब जाडे, बुटके, त्यांच्यावर गोल कमानी. दक्षिणेकडचे बऱ्याच वर्षांनी आलेले, म्हणून सडसडीत, आणि कमानी टोकदार. गावात लोकरीचा पैसा आला तेव्हा छप्पर उंच करून ओकच्या तुळया टाकल्या. जुन्या छपराची तिरकी खूण मनोऱ्याच्या भिंतीवर अजून दिसते. पुढे धर्माचे वारे बदलले आणि भिंतींवरची चित्रं चुन्याखाली गेली. व्हिक्टोरियन मंडळींना जुनं चर्च पुरेसं जुनं वाटेना, म्हणून त्यांनी आणखी जुनं दिसेल असं नवीन काम करून ठेवलं. शेवटी माणसंच यायची थांबली आणि कौन्सिलने त्याचा हॉल केला. वेदीच्या जागी स्टेज, पाद्रीबाबांच्या खोलीत किचन, मधल्या दालनात बॅडमिंटनच्या पिवळ्या रेघा. ही सगळी खिचडी मला भयंकर आवडायची.

मुलगी झाली आणि आई आली. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, आणि तळाशी जुन्या साडीत गुंडाळलेल्या चार पितळी साखळ्या. पाळण्याच्या. त्यांच्यावर आई झुलली होती, मी झुलले होते.

"पहिलं बारसं माहेरी व्हायचं," आई म्हणाली. "तुला येता येत नाही ना, म्हणून माहेर घेऊन आलेय."

हे ऐकायला छान होतं. पण साखळ्या टांगायच्या कुठे? आमच्या भाड्याच्या घराचं सीलिंग म्हणजे पुठ्ठाच. मी दुकानातून आणलेली वेताची टोपली दाखवली. आईने ती चहूबाजूंनी पाहिली.

"आणि खालून बाळ कुठून द्यायचं?"

तिचा मुद्दा बिनतोड होता. बारशाला दोघीजणी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून बाळ एकमेकींना देतात, एकदा वरून, एकदा खालून. जमिनीवर ठेवलेल्या टोपलीखालून बाळ जाणार कसं? पाळणा अधांतरीच हवा.

नवऱ्याने हॉल बुक केला. आई दारातच चपला काढून आत शिरली, मान वर करून म्हणाली, "अगंबाई, केवढाल्या तुळया!" आणि पिशवीतून साखळ्या काढू लागली.

हॉलच्या किल्ल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे असायच्या. उंच, ताठ, कार्डिगनची सगळी बटणं लावलेल्या. गावात सगळे त्यांना वचकून असायचे, त्यात मीही आले. साखळ्या पाहताच त्या पुढे झाल्या.

"छपराला काहीही टांगायचं नाही. फुगेसुद्धा नाहीत."

"कांट वी जस्ट..." नवऱ्याने सुरुवात केली.

"नाही. हे छप्पर माझ्यापेक्षा फार जुनं आहे आणि माझ्यानंतरही राहायला हवं."

खरं तर हेच वाक्य मी आमच्या कॉलेजात टाळ्या घेत म्हटलं असतं. आईने निमूटपणे साखळ्या पुन्हा साडीत गुंडाळल्या. "असू दे गं. टोपलीत तर टोपलीत," म्हणाली. आईचं 'असू दे' मला पाठ आहे. घरी आल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाळंतपणाने मी तशीही कशावरूनही रडत होते, पण हे रडणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन पुन्हा हॉलमध्ये गेले. भांडायला नाही, नुसतं बघायला. मागच्या दाराजवळ फरशीत एक अष्टकोनी तुकडा होता, बाकीच्या दगडापेक्षा नवा. इतक्या वेळा त्याच्यावरून गेले होते. त्या दिवशी मात्र तिथे थांबून वर पाहिलं. बरोबर वर, तुळईच्या मधोमध, धुरकट लाकडात हरवलेली एक काळी लोखंडी कडी!

मी जवळजवळ ओरडलेच. किल्लीवाल्या बाई किचनमधून धावत आल्या.

"इथे बाप्तिस्म्याचं कुंड होतं ना?" मी विचारलं. "आणि त्याचं झाकण त्या कडीला टांगलेलं असायचं?"

जुनी कुंडं बहुधा अष्टकोनी, आणि त्यांच्यावर ओकची जडशीळ, नक्षीदार झाकणं असायची. ती हाताने उचलणं शक्यच नाही, म्हणून छताला कप्पी लावून दोराने वर ओढायचे. चर्च बंद झालं तेव्हा कुंड आणि झाकण दुसरीकडे गेलं. कडी तेवढी राहिली.

बाईंनी मान वर करून कडी शोधली. "माझं नाव इथेच ठेवलं," म्हणाल्या. "माझ्या आईच्याही आधीपासून हे कुंड होतं. इथल्या प्रत्येक मुलाला नाव इथेच मिळायचं."

"मग अजून एक," मी म्हणाले. माझ्या धिटाईचं मलाच नवल वाटलं.

त्यांनी लगेच होकार दिला नाही, ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आधी तुळई तपासणारा माणूस येऊन शिडीवरून कडी ठोकून पाहून गेला. मग नवऱ्याने दोराला बासमतीचं मोठं पोतं टांगलं. बाई खुर्ची टाकून दुपारभर त्या पोत्यावर नजर ठेवून बसल्या. सोबतीला आई बसली. आईचं इंग्रजी बेताचं, पण चौकशीला भाषा लागत नाही.

"विचार गं, भाऊ-बहीण किती?"

मी विचारलं. कोणी नाही, एकुलत्या एक. लग्न? नाही केलं.

"म्हणजे भाचरंसुद्धा नाहीत?" आई हळहळली. हे मी भाषांतरित केलं नाही. पोतं जागचं हललं नाही.

बारशाला पाच-सहा मराठी मैत्रिणी जमल्या. टोपलीखाली फळी घालून चार कोपऱ्यांना साखळ्या बांधल्या, दोराने पाळणा कडीला टांगला, आईने त्याला फुलं लावली. बाळ वरून गेलं, खालून गेलं आणि पाळण्यात विसावलं. आता आत्याने कानात नाव सांगायचं. आत्या, म्हणजे नवऱ्याची बहीण, नागपुरात. बेत असा, की ती फोनवरून सांगेल आणि फोन बाळाच्या कानाला लावायचा.

पण त्या जाडजूड दगडी भिंतींतून सिग्नल येईल तर शपथ! नवरा फोन उंच धरून स्टेजपासून पोर्चपर्यंत फिरला. "इथे येतंय! गेलं!"

"कोणीतरी आत्या व्हा गं," एक मैत्रीण म्हणाली.

"आम्ही सगळ्या तर बाळाच्या बाबांच्या वहिन्या," दुसरी म्हणाली. "आत्या कुठून आणायची?"

आईने इकडेतिकडे पाहिलं. किल्लीवाल्या बाई दोराजवळ हात बांधून पहारा देत उभ्या होत्या. आई तडक गेली आणि त्यांचा हात धरून त्यांना पाळण्याशी घेऊन आली.

"अगं आई, त्या कशा?"

"का? तूच सांगितलंस ना, हिचं नाव इथेच ठेवलं होतं? मग हे हिचं माहेर. माहेरवाशीणच आत्या असते."

मी बाईंना नाव शिकवलं. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत चारपाचदा घोकलं, चष्मा काढला, पाळण्यात वाकल्या आणि माझ्या लेकीच्या कानात तिचं नाव सांगितलं. अगदी स्वच्छ उच्चारात.

त्या सरळ होतात न होतात तोच आईने त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

हॉलमध्ये हशा उसळला. बाई मात्र गोऱ्यामोऱ्या झाल्या. मी धावलेच.

"तुमच्या आईने मला मारलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"रीत आहे आमची. नाव ठेवलं की आत्याला पाठीत धपाटे मिळतात. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. तुम्ही आता हिच्या आत्या झालात."

"आजच्यापुरती?"

"नाही. कायमची."

बाईंनी पाळण्याकडे पाहिलं, मग वर त्या कडीकडे. चष्मा पुन्हा घालायला त्यांना जरा वेळ लागला.

"मग तुमच्या आईला सांगा," त्या म्हणाल्या, "फारच हळू मारलं."